आप्रमाँ प्यायलो आणि फार आवडली, साव्वाच्या व्हाइट वाईनबद्दल कोणी सांगेल का?

ग्रेनोबलकर

नमस्कार मंडळी, मी शिकायला ग्रेनोबलमध्ये आहे, येऊन फार दिवस नाही झाले. परवा लॅबमधली मंडळी फाँड्यू खायला घेऊन गेली, तिथे एक व्हाइट वाईन मागवली होती, आप्रमाँ नावाची. आत्तापर्यंत ज्या व्हाइट प्यायलोय त्या एकतर गोडसर असायच्या नाहीतर लाकडाचा आणि लोण्याचा वास येणाऱ्या, जड. ही वेगळीच निघाली. रंग इतका फिका की ग्लासात पाणीच आहे असं वाटावं, पहिल्या घोटाला लिंबू आणि हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, जिभेच्या टोकाला अगदी बारीक चुरचुर आणि घोट गेल्यावर तोंड एकदम स्वच्छ. बाटली फिरवून बघितली तर अल्कोहोल 11 टक्के. एवढं चीज खाऊनसुद्धा जेवण अंगावर आलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमध्ये शोधायला गेलो तर गोंधळच झाला. आप्रमाँ, आबीम, शिन्यँ, शिन्यँ-बेर्जरों, जोंज्यो, रूसेत, सगळ्यांवर साव्वा (इथला आल्प्सकडचा प्रदेश) लिहिलेलं, द्राक्षाचं नाव काही बाटल्यांवर आहे काहींवर नाहीच, आणि किमती सात युरोपासून वीस युरोपर्यंत. काही न घेता परत आलो.

तर विचारायचंय ते असं की हे द्राक्ष कोणतं, हा आंबटपणा येतो कुठून (उंच डोंगरावर पिकतं म्हणून का?), आणि त्या शेल्फवरचं अजून काय घेऊन बघावं. लॅबमधला एकजण म्हणाला की ही स्कीइंगला आलेल्या लोकांची वाईन, हॉटेलात चीजबरोबर देतात तेवढंच, तिच्यात बघण्यासारखं काही नाही. मला ते पटलं नाही. जाणकारांनी सांगा प्लीज.

निळी_छत्री

छान वाईन सापडलीय तुम्हाला! मी लियाँला राहते, सुट्टीच्या दिवशी शांबेरीच्या बाजूला बरंच जाणं होतं आणि या वाईन्स मला मनापासून आवडतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

द्राक्ष जाकेर. साव्वामध्ये जेवढी लागवड आहे त्यातली साधारण निम्मी एकट्या जाकेरची आहे, आणि या भागाबाहेर हे द्राक्ष जवळजवळ कोणी लावत नाही. सगळ्या साव्वाचे मळे मिळून 2000 हेक्टरच्या आसपास, म्हणजे फ्रान्समध्ये जेवढी वाईन होते त्याच्या अर्धा टक्कासुद्धा नाही, आणि त्यातली बरीचशी तिथल्या गावांमध्ये आणि स्की रिसॉर्टमध्येच संपते. म्हणून बाहेर नाव नाही. तुमच्या लॅबमधल्या मित्राचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे, पुढचं नाही.

उंचीचं म्हणाल तर मळे फार उंचावर नाहीयेत, बहुतेक 250 ते 500 मीटरच्या मध्ये. डोंगर त्यांच्या डोक्यावर उभे आहेत, एका बाजूला शार्त्रूझ, समोर बोज. दिवसा ऊन चांगलं मिळतं पण संध्याकाळ झाली की वरची गार हवा उतारावरून खाली येते आणि रात्र थंड जाते. द्राक्षात मॅलिक अॅसिड असतं, हिरव्या सफरचंदात असतं तेच, आणि हवा उष्ण असली की पिकताना ते भराभर कमी होत जातं, थंड हवेत ते टिकतं. त्यात जाकेर मुळातच उशिरा पिकणारं, घड भरपूर धरणारं आणि साखर कमी करणारं द्राक्ष. साखर कमी म्हणजे अल्कोहोल कमी. तुमच्या बाटलीवरचे ते 11 टक्के तिथून आले.

बाकीचं काम तळघरात. जाकेर सहसा स्टीलच्या टाकीत करतात, लाकूड नाही, काही महिने यीस्टच्या गाळावर ठेवतात आणि लवकर बाटलीत भरतात, त्यामुळे फर्मेंटेशनचा थोडा कार्बन डायऑक्साइड आत राहून जातो. ती चुरचुर त्याची. काही जण मॅलोलॅक्टिक होऊ देत नाहीत म्हणजे मॅलिक अॅसिडचं लॅक्टिक होऊ देत नाहीत, त्यांची वाईन जास्त धारदार लागते, आणि जे होऊ देतात त्यांची जरा मऊ. म्हणजे दोन आप्रमाँ शेजारी ठेवून प्यायलात तरी फरक कळेल.

आता लेबल. इथे द्राक्षाचं नाव नसेल तर गावाच्या नावावरून ओळखायचं. आप्रमाँ आणि आबीम म्हणजे जाकेर. नुसतं शिन्यँ असेल तर तेही जाकेर. जोंज्योची व्हाइट पण जाकेरची. पण शिन्यँ-बेर्जरों दिसलं तर ते पूर्ण वेगळं, ते रूसान द्राक्ष, रोन नदीच्या खोऱ्याकडचं, जर्दाळूसारखा वास, भरदार, आणि किंमतही दुप्पट. रूसेत द साव्वा म्हणजे आल्तेस द्राक्ष, त्याचं अपेलासियों (म्हणजे कायद्याने ठरलेलं वाईनचं नाव आणि क्षेत्र) वेगळंच आहे. लेमाँ सरोवराच्या काठी क्रेपी, रिपाय अशी नावं मिळतील, ते शास्ला, पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये लावतात तेच. फसायला होतं ते शिन्यँ आणि शिन्यँ-बेर्जरोंमध्ये, एका शब्दाने सगळं बदलतं, तेवढं लक्षात ठेवा.

तुम्हाला जे आवडलं तेच अजून हवं असेल तर आधी दोन वेगळ्या लोकांच्या आप्रमाँ आणि एक आबीम घ्या, सगळ्यात अलीकडच्या सालाच्या. मोठ्या व्यापाऱ्याच्या बाटलीपेक्षा स्वतःचा मळा असलेल्याची घ्या, दोन-तीन युरो जास्त जातील पण त्या किमतीत एवढा फरक दुसऱ्या कुठल्या वाईनमध्ये मला तरी दिसलेला नाही.

दगडधोंडे

वर द्राक्षाचं आलंच आहे, मी जमिनीचं लिहितो कारण आप्रमाँ-आबीमची जमीन हे प्रकरणच वेगळं आहे. मी भूगर्भशास्त्रवाला, तिकडे आलो ते खडक बघायला, वाईन नंतर आली.

ग्रेनोबलहून शांबेरीला जाताना डाव्या हाताला एक प्रचंड सरळसोट कडा दिसतो बघा, चाकूने कापल्यासारखा. तो ग्रानिए, 1933 मीटर. 1248 साली 24 आणि 25 नोव्हेंबरच्या मधल्या रात्री त्याचा एक भाग कोसळला. वर चुनखडीचा जाड थर आणि त्याच्याखाली मार्ल, म्हणजे चुना आणि चिकणमाती मिळून झालेला मऊ खडक. पाणी मुरून मुरून खालचा थर ढिला होतो आणि वरचं वजन त्याला पेलवत नाही. त्या रात्री सगळंच निसटलं आणि खालच्या दरीत काही किलोमीटरपर्यंत चिखल आणि दगड पसरले. गावंच्या गावं त्याखाली गेली. मेलेल्यांचा आकडा एक हजाराच्या वर धरतात, काही जुन्या नोंदींमध्ये त्याच्या कितीतरी पट आहे. युरोपात इतिहासकाळात झालेल्या सगळ्यात मोठ्या दरडींमध्ये तिची गणना होते. म्याँ नावाच्या गावात काळ्या मेरीचं देऊळ आहे, तिथल्या लोकांची श्रद्धा अशी की दगड तिच्या दारापर्यंत येऊन थांबले, आजही तिथे यात्रेला लोक जातात.

नंतर ती जमीन कोणाच्याच कामाची राहिली नाही. उंचवटे, खड्डे, घराएवढे दगड, मध्येच पाणी साठून झालेली तळी. धान्य पिकवायला उपयोग नाही, मग हळूहळू तिथे वेली लावल्या. आप्रमाँ आणि आबीमचे मळे आज त्या दरडीवरच उभे आहेत. सेंट आंद्रे म्हणून एक छोटं तळं आहे, त्याच्या काठावर उभं राहिलं की समोर मळे आणि मागे तो तुटलेला कडा, सगळी गोष्ट एका नजरेत दिसते. आणि डोंगर अजून थांबलेला नाही, 2016 मध्येसुद्धा ग्रानिएवरून दगडांचे मोठे लोंढे खाली आलेत.

आता लोक म्हणतात की वाईनमध्ये चुनखडीची चव लागते. मी या बाबतीत जरा हट्टी आहे. दगडाची चव मुळांतून द्राक्षात येत नाही, मुळं पाण्यात विरघळलेले क्षार घेतात तेही अगदी थोडे आणि त्यांची जिभेला चव कळत नाही. पण दगडांचा परिणाम आहे आणि तो खूप मोठा आहे. दगडगोट्यांतून पाणी लगेच निचरून जातं, माती पातळ आणि खत कमी असल्यामुळे जाकेरसारखी मोकाट वाढणारी वेल आवरली जाते. तिला सुपीक मातीत लावा, घड भरमसाठ येतील आणि वाईन पातळ होईल. ओल्या दगडाचा, गारगोटी घासल्यासारखा जो वास येतो तो खरा आहे, मलाही येतो, फक्त तो आंबटपणा, फर्मेंटेशन आणि फळाचा वास कमी असणं यातून एकत्र तयार होतो असं माझं मत.

पश्चिमवारा

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आप्रमाँ सात-आठ युरोची जी सगळीकडे मिळते ती बहुतेक वेळा पातळ असते, लिंबूपाणी प्यायल्यासारखी. साव्वाचं खरं द्राक्ष आल्तेस आहे. रूसेत द साव्वा घ्या, त्यातही मारेस्तेल नावाचा क्रू (म्हणजे नाव असलेला खास मळ्यांचा पट्टा) मिळाला तर बघूच नका, उचला. जोंज्योच्या वरचा एकदम तीव्र उतार आहे तो. बर्गामॉट, हेझलनट, थोडी वर्षं ठेवली की मध, आणि तरी आंबटपणा जागेवर. आठ-दहा वर्षं टिकते. जाकेरची बाटली आठ वर्षं ठेवून दाखवा.

निळी_छत्री

@पश्चिमवारा, मारेस्तेलबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, फार सुंदर वाईन आहे. पण बाकीचं नाही पटत हो. जाकेरला तुम्ही आल्तेसच्या मापाने मोजताय. जास्त टिकते म्हणून चांगली, जास्त वास येतो म्हणून चांगली, जास्त अल्कोहोल म्हणून भारदस्त, ही मोजपट्टी सगळ्या वाईनना लावली की जाकेर कायम खालीच राहणार, कारण तिच्यात जे आहे ते त्या पट्टीवर येतच नाही. चांगल्या आप्रमाँमध्ये काहीच जादा नसतं आणि तेच करायला अवघड आहे. लपायला जागा नाही ना! लाकूड नाही, साखर नाही, अल्कोहोलची ऊब नाही, द्राक्ष दोन दिवस आधी तोडलं तर वाईन कच्ची लागते आणि उशिरा तोडलं तर सपाट. घड जास्त धरू दिले तर तुम्ही म्हणताय तशी पातळ. त्या पातळ वाईन्स आहेत, खूप आहेत, रिसॉर्टमध्ये गिऱ्हाईक आयतं मिळतं म्हणून वर्षानुवर्षं तशा विकल्या गेल्या हे मान्य. पण तो घड मोजून न घेणाऱ्याचा दोष, द्राक्षाचा नाही.

आणि अजून एक, दुपारी जेवणाबरोबर दोन ग्लास घेऊन नंतर काम करता येईल, चालता येईल अशी वाईन आता फार कमी राहिलीय. उन्हाळे तापायला लागल्यापासून सगळीकडच्या व्हाइट 13, 13.5 वर गेल्यात. 11 टक्क्यांना पूर्ण पिकलेली, चव असलेली वाईन देणारं द्राक्ष माझ्या मते आज खूप मोलाचं आहे.

पश्चिमवारा

मुद्दा पोचला. घड कमी ठेवणाऱ्या कोणाची तरी घेऊन पुन्हा बघतो. तरी पाहुणे आले की माझ्याकडे आल्तेसच उघडणार :)

मुक्ताफळ

खाण्याचं कोणी लिहिलं नाही अजून म्हणून मी लिहिते!

फाँड्यूबरोबर ही वाईन देतात ते उगाच नाही. फाँड्यूच्या भांड्यात आधी तीच जाते. चीज नुसतं गरम केलं तर त्यातलं प्रोटीन आकसून गुठळी होते आणि तूप वेगळं सुटतं. हे प्रोटीन एकमेकांना कॅल्शियमने धरून असतं, वाईनमधलं टार्टारिक अॅसिड त्या कॅल्शियमला पकडतं आणि मग चीज गुळगुळीत वितळतं. म्हणून वाईन जितकी आंबट तितकं फाँड्यूचं काम सोपं. गोड किंवा मऊ व्हाइट घालून करून बघा, लगेच कळेल काय बिघडतं ते. बोफोर चीज असेल तर फार छान होतं, सोबत कोंते किंवा एमेंताल.

तार्तिफ्लेत (बटाटा, कांदा, बेकन आणि वरून रब्लोशों चीज) आणि राक्लेत (बटाट्यावर वितळवलेलं चीज) यांनाही तीच वाईन, कारण तेच, एवढी चरबी कापायला काहीतरी धारदार लागतं. पण मला विचाराल तर जाकेरचं खरं जेवण म्हणजे सरोवरातला मासा. आनसी, बूर्जे, लेमाँ या सरोवरांमध्ये फेरा आणि ओंब्ल शव्हालिए नावाचे मासे मिळतात, पांढरं नाजूक मांस, थोडं लोणी आणि लिंबू, बाकी काही नाही. त्याच्यावर जड वाईन घेतली तर मासा कुठे गेला कळत नाही. जाकेर बरोबर बाजूला उभी राहते. चीजबरोबर सगळे पितात म्हणून ती चीजवाईन झालीय, माशाबरोबर एकदा घेऊन बघाच.

शाकाहारी कोणी बरोबर असेल तर दोन गोष्टी. बोफोर आणि रब्लोशोंमध्ये पारंपरिक पद्धतीचं, वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं, त्यामुळे मांस नाही म्हणजे शाकाहारी असं धरून चालू नका, आधी सांगा. आणि वाईन स्वच्छ करायला काही जण माशापासूनचा जिलेटिनसारखा पदार्थ, अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातलं केसीन वापरतात. ज्यांना चालत नाही त्यांनी व्हेगन लिहिलेली बाटली घ्यावी, हल्ली मिळतात. नाहीतर मळेवाल्याला थेट विचारावं, सांगतात ते.

ग्रेनोबलकर

बाप रे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप खूप आभार सगळ्यांचे. दगडधोंडे दादा, तो कडा मी येताना बघितला होता आणि त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, आता अंगावर काटा आला वाचून.

अजून थोडं विचारतो. पुढच्या शनिवारी मी आणि दोन मित्र आप्रमाँ आणि सेंट आंद्रे तळं बघायला जायचं म्हणतोय, मळ्यांवर जाऊन चाखता येते का? तिघांपैकी एकाकडेच लायसन्स आहे. आणि घरी आणलेल्या बाटल्या किती गार करायच्या, किती दिवस ठेवायच्या? माझ्याकडे फ्रिज छोटा आहे, वाईन कॅबिनेट वगैरे काही नाही.

दगडधोंडे

गाडी नकोच, ट्रेनने जा. ग्रेनोबल ते शांबेरी लाइनवर मोंमेलियाँच्या पुढे शिन्यँ-ले मार्श स्टेशन आहे, काही लोकल गाड्या तिथे थांबतात, वेळापत्रक बघून निघा. तिथून चालत मळ्यांमध्ये जाता येतं. गाडी नेलीतच तर चालवणाऱ्याने प्यायची नाही, फ्रान्समध्ये मर्यादा रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम आहे पण लायसन्स नवीन असेल तर 0.2, म्हणजे एका ग्लासलाही जागा नाही.

स्टेशनवर उतरलात की दोन्ही बाजू बघा. बोजच्या पायथ्याची शिन्यँची बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे, दिवसभर ऊन, म्हणून तिथे रूसान पिकू शकतं. ग्रानिएच्या पायथ्याची आप्रमाँची बाजू गार. मध्ये एवढीशी दरी आणि दोन्हीकडच्या वाईन इतक्या वेगळ्या, हे बाटली बघून नाही कळत, तिथे उभं राहूनच कळतं.

निळी_छत्री

चाखता येते, पण आधी फोन करून जा. लहान घरं आहेत, नवराबायको दोघंच काम करत असतात, सप्टेंबरमध्ये तोडणी चालू असली तर कोणाला वेळ नसतो. दोन-चार प्रकार ओतून देतात, कोणी पैसे घेतं कोणी नाही, पण निघताना निदान एक-दोन बाटल्या घ्याव्यात. जाकेर आधी मागा, मग आल्तेस, बेर्जरों सगळ्यात शेवटी, उलट केलंत तर जाकेर फिकी लागेल. त्यांच्याकडे मोंदूझ असेल तर तीही चाखा, रेड आहे, मिरीसारखा वास येतो. तिच्याच नावाची पांढरी मोंदूझ ही सिराहच्या आईबापांपैकी एक निघाली डीएनए तपासणीत, सिराहसारखं जगभर पोचलेलं द्राक्ष, आणि त्याचं मूळ या एवढ्याशा भागाशी जोडलेलं!

गार करायचं तर 8 ते 10 डिग्री पुरे. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा मग ओता. अगदी बर्फासारखी गार असली की आंबटपणाच लागतो, वास सगळा दबतो, आणि हॉटेलात नेमकी तशीच देतात. ग्लास साधा चालेल, फक्त काठोकाठ भरू नका.

ठेवण्याचं म्हणाल तर जाकेर ठेवूच नका, दोन वर्षांच्या आत संपवा, पहिल्या वर्षात सगळ्यात छान. कॅबिनेट नाही म्हणून काही अडत नाही, पलंगाखाली किंवा कपाटाच्या तळाशी, उजेड आणि हीटर पासून लांब. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन दिवस राहते, चुरचुर मात्र दुसऱ्या दिवशी गेलेली असेल, ती मग फाँड्यूला वापरा. मारेस्तेल किंवा बेर्जरों घेतलीत तर ती एखादी बाजूला ठेवा, पण ग्रेनोबलमधल्या खोलीत उन्हाळ्यात 30 च्या वर जातं, तिथे आठ वर्षं नाही टिकायची, दोन-तीन हिवाळ्यांत उघडा.